सिंथेटिक स्लीपिंग बॅग थंडीत किती पुरते, आणि ती पुरावी म्हणून काय काय करायचं

डिसेंबर लागला की इंदूरमधल्या ओळखीच्या पोरापोरींचे फोन सुरू होतात, काका पचमढीला चाललोय, मामा हिमालयातल्या केदारकांठा ट्रेकचं बुकिंग झालंय, सिंथेटिक स्लीपिंग बॅग चालेल ना? चालेल. आपल्या माळव्यात, सातपुड्यात, मांडू, जानापाव, चोरल, हनुवंतिया इथे रात्र काढायची असेल तर सिंथेटिकच घ्या असं माझं स्पष्ट मत आहे, डाऊनच्या, म्हणजे पिसं भरलेल्या बॅगेच्या, नादी लागू नका. पण बॅग चालेल म्हणजे बॅग पसरली, आत शिरलो आणि घोरायला लागलो इतकं सोपं नसतं ते. ज्यांना थंडी वाजते त्यातल्या बहुतेकांनी टॅगवरचा भलताच आकडा वाचलेला असतो, नाहीतर अंगाखाली काही धड टाकलेलं नसतं. ह्या दोन गोष्टी जमल्या की दोन-तीन हजाराची बॅग पण मस्त झोप देते, आणि नाही जमल्या तर महागातल्या महाग बॅगेत पण पहाटे चारला दात वाजतात.

आधी बॅग करते काय ते बघू

बॅग गरम नसते, गरम करतही नाही. उष्णता तुमचीच असते. झोपलेल्या मोठ्या माणसाच्या अंगातून साधारण 70-80 वॅट उष्णता सारखी बाहेर पडत असते, ती लवकर निसटू द्यायची नाही एवढंच बॅगचं काम. आणि ते काम धागा करत नाही बरं का, धाग्यांमध्ये अडकून बसलेली हवा करते. हवा जागची हलली नाही की ती उष्णता फार कमी पुढे जाऊ देते, पाणी मात्र हवेच्या साधारण 24 पट जास्त जाऊ देतं. म्हणून हवा अडकलेली पाहिजे आणि कोरडी पाहिजे, पुढचं सगळं ह्यातूनच निघतं.

घरातली रजई आठवा ना. पिंजाऱ्याकडून नवीन भरून आणलेली रजई कशी टम्म फुगलेली असते, आणि चार हिवाळे गेले की तीच चपटी होते, आत कापसाचे गोळे होतात, मग आई म्हणते यंदा पिंजून आणायलाच पाहिजे. कापूस तेवढाच, वजन तेवढंच, हवा गेलेली असते फक्त. स्लीपिंग बॅगचं अगदी हेच, कापसाच्या जागी पॉलिएस्टरचा फायबर असतो आणि ती परत पिंजून मिळत नाही हा मोठा फरक.

हा फायबर काही परग्रहावरून येत नाही. उशा-रजयांमध्ये हल्ली जे फायबर भरतात, रेक्रॉन वगैरे, त्याच घराण्यातला. आतून पोकळ, अंगाला वळ्या पाडलेल्या, आणि धागे एकमेकांना चिकटून गोळे होऊ नयेत म्हणून वरून सिलिकॉनचा हात दिलेला. स्वस्तातल्या बॅगेत ह्याचे बारीक तुकडे भरतात, ते जागचे सरकू नयेत म्हणून जागोजागी शिवण मारावी लागते. महागातल्या बॅगांमध्ये दोन जाती दिसतात. प्राइमालॉफ्टसारखा बारीक, मऊ, पिसांची नक्कल करणारा, जो 1980 च्या दशकात अमेरिकन सैन्याला भिजली तरी दगा न देणारी बॅग पाहिजे होती म्हणून तयार झाला. आणि क्लायमाशील्डसारखा, ज्यात तुकडे नसतातच, एकच लांबच लांब धागा गुंतवून त्याची चादर केलेली असते, ती जागची हलत नाही म्हणून शिवणी कमी लागतात, टिकते पण जास्त, फक्त पॅक करताना जरा हट्टी असते.

आता ओल्या बॅगेचं. लोक सांगतात सिंथेटिक भिजली तरी गरम ठेवते. हे अर्धंच खरं आहे. पॉलिएस्टर स्वतः पाणी पीत नाही, वजनाच्या अर्धा टक्कासुद्धा नाही, उलट कापूस नुसत्या हवेतली ओल सात-आठ टक्के धरून बसतो. त्यामुळे धागा ओला होऊन लोळत नाही, फुगवटा बराचसा टिकतो, पिळून झटकली की बॅग काहीतरी कामाची राहते आणि उन्हात लवकर वाळते. डाऊन म्हणजे बदकाची-हंसाची बारीक पिसं, ती भिजली की चिखलासारखी एकत्र येतात, मग बॅगेत नुसतं कापड उरतं. पण धागा पाणी पीत नाही म्हणून धाग्यांच्या मधलं पाणी कुठे जात नाही, ते तिथेच बसून तुमची उष्णता ओढत राहतं. तर भिजलेली सिंथेटिक बॅग ही भिजलेल्या डाऊनपेक्षा बरी, कोरड्या सिंथेटिकच्या जवळपास पण नाही. भिजवायची नाहीच, चुकून भिजली तर जीव वाचेल, झोप लागेल ह्याची गॅरंटी नाही.

टॅगवरचे तीन आकडे

घोळ सगळा इथे आहे. चांगल्या बॅगेवर तीन तापमानं असतात, कम्फर्ट, लिमिट आणि एक्स्ट्रीम. हे आकडे एका ठरलेल्या टेस्टमधून येतात, आधी युरोपचं ईएन 13537 होतं, 2016 मध्ये आयएसओ 23537 आलं. टेस्टमध्ये माणूस नाही झोपवत, आतून गरम केलेला पुतळा झोपवतात, त्याच्या अंगात पूर्ण बाह्यांचं-पूर्ण पायांचं इनर असतं, गुडघ्यापर्यंत मोजे असतात, खाली मॅट असते, आणि मग थंड खोलीत त्याचं अंग गरम ठेवायला किती पॉवर लागते ते मोजतात. म्हणजे तुम्ही बर्मुडा घालून मॅटशिवाय झोपणार असाल तर तो आकडा तुमचा नव्हेच.

कम्फर्ट म्हणजे साधारण बांध्याची बाई अंग सैल सोडून, आरामात ज्या तापमानात झोपेल ते. लिमिट म्हणजे साधारण बांध्याचा पुरुष पाय पोटाशी घेऊन, मुटकुळं करून कशीबशी रात्र काढेल ती हद्द. आणि एक्स्ट्रीम म्हणजे सहा तास जीव वाचेल. परत वाचा, झोप नाही, जीव. हायपोथर्मियाचा, म्हणजे अंगच धोक्याइतकं गार पडण्याचा, धोका त्यात धरलेलाच आहे.

आता दुकानात काय होतं, समजा एका बॅगेचा कम्फर्ट 5, लिमिट 0 आणि एक्स्ट्रीम -15 आहे, तर कव्हरवर मोठ्ठ्या अक्षरात छापलेलं असतं -15, आणि आपला भिया, म्हणजे इंदुरी भाऊ, ते बघून खुश होतो की वा, पचमढी काय, लडाख पण मारू. ती बॅग 5 डिग्रीची आहे. बस. एका दुकानात तर मी एक बॅग बघितली, त्यावर नुसतं -10 लिहिलेलं, कम्फर्ट नाही, लिमिट नाही, टेस्टचं नाव नाही, फिलिंग किती ग्रॅम ते पण नाही, आणि हातात घेतली तर आतली चादर दोन बोटांत चिमटीत येत होती. दुकानदाराला विचारलं तर म्हणे सर आर्मीवाले नेतात. असा एकटाच आकडा असला तर त्याला छपाई समजायचं, माहिती नाही.

मी वापरतो तो हिशोब साधा आहे. जिथे जाणार तिथलं रात्रीचं नेहमीचं कमीत कमी तापमान बघा, त्यातून पाच डिग्री हात राखून वजा करा, आणि तेवढ्या कम्फर्टची बॅग घ्या. इंदूरला जानेवारीत रात्री दहाच्या आसपास जातं, लाट आली की पाच किंवा त्याच्या पण खाली. मग चोरल-मांडूसाठी 5 कम्फर्ट छान, लाटेच्या दिवसात एक स्वेटर जास्त. पचमढीला उंचीचं पण धरा, इंदूर साडेपाचशे मीटरवर, पचमढी हजाराच्या वर, आणि दर हजार मीटरला साधारण साडेसहा डिग्री कमी होतं, म्हणजे तीन-एक डिग्रीचा फरक नुसत्या उंचीनेच पडतो. जानेवारीत तिथे कधीकधी एक-दोन डिग्रीपर्यंत खाली येतं. तिथे 0 कम्फर्टची घ्या, नाहीतर 5 वाली आणि आत लाइनर, म्हणजे कापडाची पातळ पिशवी, तिचं पुढे सांगतो. बायकांना, बारीक अंगाच्यांना, साठीच्या पुढच्यांना आणि दिवसभर चालून थकून उपाशी झोपणाऱ्यांना जास्त थंडी वाजते, त्यांनी अजून दोन-तीन डिग्री राखून घ्यायच्या. ह्यात लाज कसली.

अजून एक, आपल्याकडे मावठा, म्हणजे हिवाळ्यातला पाऊस, पडतो ना, तो पडत असताना ढगांमुळे रात्री त्या मानाने उबदार असतात. खरा गारठा तो निघून गेल्यावर, आभाळ स्वच्छ झालं, उत्तरेकडून वारा सुटला की दोन दिवसात पारा धाडकन खाली. ज्यांनी पावसाला घाबरून प्लॅन दोन दिवस पुढे ढकलला त्यांना नेमकी तीच रात्र मिळते.

खाली काय टाकणार ते सांगा आधी

बॅगबद्दल तासभर बोलणारे लोक मॅटबद्दल एक शब्द विचारत नाहीत. तुम्ही झोपलात की अंगाखालचा फायबर तुमच्या वजनाने चेपला जातो, त्यातली हवा निघून गेली, म्हणजे खालच्या बाजूने बॅग जवळजवळ नाहीच. आणि जमीन तर तुमच्यापेक्षा किती मोठी, तुमची उष्णता ती रात्रभर ओढत राहणार आणि तिचं पोट काही भरणार नाही. सिंथेटिक फायबर पिसांपेक्षा थोडा कमी चेपतो, त्याचा किंचित फायदा होतो, पण त्याच्या भरवशावर राहू नका.

मॅटचं मोजमाप आर-व्हॅल्यूत करतात, आकडा जितका मोठा तितकी जमिनीची थंडी कमी. चांगल्या जाड, घडीच्या फोम मॅटची 2 च्या आसपास असते, बाजारातल्या पातळ योगा मॅटची त्यापेक्षा बरीच कमी, आणि आत काही न भरलेली नुसती हवा फुगवायची मॅट तर जाड दिसते पण त्यातली हवा आतल्या आत फिरत राहते आणि थंडी वर आणते. आपल्या भागातल्या थंडीला 2 पुरते, बर्फावर झोपायचं तर 4 च्या पुढे लागते. छान गोष्ट म्हणजे ह्या बेरीज होतात. 2 वर अजून एक 2 टाकली की 4.

गाडीने जाणार असाल, आणि चोरल-हनुवंतियाला आपण सगळे गाडीनेच जातो, तर मग वजनाची चिंता कशाला? खाली प्लॅस्टिक शीट, त्यावर सतरंजी, त्यावर फोमची मॅट, आणि घरातली जुनी गोधडी डिकीत पडून असेल तर ती पण मॅटच्या वर. प्लॅस्टिक सगळ्यात खाली पाहिजे, कारण जमिनीतली ओल गोधडीत गेली की ती गोधडी राहत नाही, ओलं फडकं होतं. माझं ऐकाल तर पैसे कमी असतील तेव्हा बॅग एक पायरी खालची घ्या आणि मॅट एक पायरी वरची.

घरची जड रजई बॅगेच्या वरून घ्यायची सवय पण बऱ्याच जणांना असते. जड कापसाची रजई बॅगेचा फुगवटा दाबून टाकते, त्यापेक्षा हलकी फायबरची दुलई किंवा फ्लीसचं ब्लँकेट वरून पसरा.

साडीचा लाइनर

लाइनर म्हणजे बॅगेच्या आत घालायची पातळ कापडाची पिशवी. पाकिटावर दहा-बारा डिग्री वाढतात वगैरे लिहितात, तसं काही नसतं, पातळ लाइनरने दोन-तीन डिग्रीचा फरक जाणवतो. पण बॅग आतून घाण होत नाही, म्हणजे धुवावी कमी लागते, आणि भाड्याच्या बॅगेत झोपताना तर लाइनर पाहिजेच, त्या बॅगेत आधी कोण कोण झोपलंय देव जाणे.

तो घरी शिवता येतो. जुनी मऊ सिल्कची साडी घ्या, सिल्क-कॉटनची माहेश्वरी पण चालते, जरीचे काठ कापून टाका कारण जर रात्रभर टोचते. साडी साधारण साडेपाच मीटर असते, त्यातून 4.3 मीटरचा तुकडा कापायचा आणि मधोमध दुमडायचा, दुमड पायाकडे येईल, तिथे शिवण लागतच नाही आणि पायाने फाटायची भीती पण नाही. लांबी झाली सव्वादोन मीटरच्या जरा आत, उंच माणसालाही पुरते. साडीची रुंदी सव्वा मीटरच्या जरा आत असते, ममी शेपच्या, म्हणजे पायाकडे निमुळत्या, बॅगेसाठी ती 85 सेंटीमीटरवर आणा, नाहीतर कापडाचा बोळा होतो आणि रात्री कूस बदलली की माणूस त्यात गुंडाळला जातो. एक बाजू पूर्ण शिवायची, दुसरी बाजू वरून दोन फूट उघडी ठेवायची, आत शिरायला. उरलेल्या तुकड्याची उशीची खोळ होते, तिच्यात रात्री जॅकेट कोंबलं की उशी तयार. आईला विचारल्याशिवाय कात्री लावू नका हे सांगायला पाहिजे का?

दुकानात बॅग हातात घेऊन बघायचं काय

शेप. ममी शेप, म्हणजे खांद्याला रुंद आणि पायाकडे निमुळती, डोक्याला टोपी असलेली, ती चौकोनी बॅगेपेक्षा जास्त गरम, कारण आत गरम करायला रिकामी जागा कमी आणि डोकं झाकलेलं. चौकोनी बॅग आरामाची, ऐसपैस, पण मान उघडी राहते, दहा डिग्रीच्या वर ठीक आहे. ममीमध्ये खांदे आवळले जात असतील तर घेऊ नका, अंगाने फायबर आतून दाबला की परत तेच, हवा गेली. खूप लांब असेल तर पायाशी गार पोकळी राहते, तिथे उद्याचे कोरडे कपडे भरा, सकाळी गरम कपडे मिळतात हा बोनस.

चेन उघडा आणि तिच्या मागे हात घाला. चेनच्या पूर्ण लांबीला आतून एक जाडसर फायबर भरलेली पट्टी पाहिजे, ती नसेल तर चेनच्या प्रत्येक दातातून वारा येतो, अक्षरशः एक गार रेघ अंगावर खालपर्यंत जाणवते. गळ्याशी पण तशीच भरलेली कॉलर असेल आणि नाडीने आवळता येत असेल तर फारच उत्तम. बॅगेत हललात की गरम हवा गळ्यातून भसकन बाहेर जाते, ती कॉलर अडवते. चेन दोन-तीनदा भराभर वर-खाली करून बघा, कापडात अडकते का, रात्री दोनला लघवी लागलेली असताना अडकली तर काय होतं ते ज्याचं त्याला माहिती.

मग शिवणी. बॅग उजेडासमोर धरा. शिवण बाहेरच्या कापडापासून आतल्या कापडापर्यंत आरपार गेली असेल तर त्या रेघेवर फायबर शून्य, उजेड आरपार दिसतो, आणि जिथून उजेड येतो तिथून थंडी पण येते. चांगल्या बॅगेत फायबरचे दोन थर असतात आणि एकाची शिवण दुसऱ्याच्या शिवणीवर येऊ देत नाहीत, किंवा कौलांसारखे एकावर एक चढवलेले पट्टे असतात. उन्हाळी बॅगेत आरपार शिवण चालते, थंडीच्या बॅगेत नको.

वजनाला घाबरू नका, सिंथेटिक जड असतेच. एवढ्याच गरम डाऊन बॅगेपेक्षा ती जड आणि जास्त जागा खाणारी, हाच तिचा खरा दोष आहे. डिकीत टाकून नेणाऱ्याला काय फरक पडतो, पण पाठीवर वाहणाऱ्याला पडतो.

जागा कुठली, झोपायचं कसं

पाण्याच्या अगदी काठाला, नदीच्या खोलगट भागात तंबू लावायची सगळ्यांना हौस. फोटो छान येतात. पण गार हवा जड असते, रात्री ती उतारावरून सरकत सरकत खोलगट जागी साचते, वरून पाण्याची ओल, पहाटे तंबू दवाने निथळत असतो. त्याच ठिकाणी दहा-पंधरा मीटर वर, थोडं आडोशाला गेलात की फरक लगेच कळतो. झाडाखाली दव कमी पडतं, उघड्या आभाळाखाली जास्त, फक्त वाळकी फांदी डोक्यावर नाही ना ते वर मान करून बघा. आणि जंगल खात्याच्या हद्दीत विचारल्याशिवाय मुक्काम करायचा नाही, हे थंडीपेक्षा महत्त्वाचं.

तंबू लागला की बॅग लगेच पिशवीतून बाहेर काढा. झोपायच्या वेळी नाही, संध्याकाळीच. दिवसभर दाबून ठेवलेल्या फायबरला परत फुगायला वेळ लागतो, दोन-चार वेळा धरून चांगली झटका आणि तंबूत पसरून ठेवा, बाहेर नको, दव पडतं.

जेवण भरपेट, तुपा-तेलाचं, कारण शरीराला रात्रभर जाळायला काहीतरी पाहिजे. इंदूरच्या सराफ्यातल्या खाऊगल्लीतून निघताना गराडू, म्हणजे तळलेला कंद, बांधून आणणारे लोक मला ह्या कारणासाठी फार शहाणे वाटतात, जरी त्यांचं कारण वेगळं असलं तरी. दारूने गरम वाटतं ते फसवं असतं, कातडीखालच्या रक्तवाहिन्या मोकळ्या होतात, अंगातली उष्णता बाहेर पडते, वर वर ऊब आणि आतून थंड. झोपायच्या आधी लघवीला जाऊन यायचं, आळस करायचा नाही. मग पाच मिनिटं उठाबशा काढा नाहीतर तंबूभोवती फिरा, घाम येईल इतकं नाही, अंग गरम होईल इतकं. गार अंगाने बॅगेत शिरलात तर बॅग तो गारठाच जपून ठेवते.

कपडे दिवसभराचे बदला. हा मुद्दा कोणी मनावर घेत नाही. दिवसभर चाललेला बनियन आणि मोजे हाताला कोरडे लागतात पण त्यात घाम मुरलेला असतो, रात्री त्यातून गारठा येतो. झोपायला वेगळा कोरडा जोड ठेवा, थर्मल इनर, लोकरीचे मोजे, कानटोपी. सगळेच स्वेटर एकावर एक चढवून आत कोंबून घेऊ नका, बॅग आवळली जाते. जाड जॅकेट बॅगेवरून छातीवर टाका.

तोंड बाहेर ठेवा. थंडी वाजली की डोकं आत घेऊन श्वास सोडायचा मोह होतो, पाच मिनिटं बरं वाटतं, पण श्वासात वाफ असते आणि ती वाफ फायबरमध्ये जाऊन बसते. टोपीची नाडी आवळा, नाक-तोंडापुरतं भोक राहू द्या. तंबूची जाळी-खिडकी पण थोडी उघडी ठेवा, पूर्ण बंद केली तर आतल्या कापडाला थेंब लागतात आणि पहाटे तेच अंगावर टपकतात.

गरम पाण्याची बाटली हा सगळ्यात स्वस्त उपाय. झाकण घट्ट असलेली स्टीलची बाटली, गरम पाणी भरून, उलटी करून हलवून बघायची, मग मोज्यात घालून मांड्यांमध्ये किंवा पायाशी. 70 डिग्रीचं एक लिटर पाणी अंगाइतकं गार होईपर्यंत जी उष्णता देतं ती झोपलेल्या माणसाच्या साधारण अर्ध्या तासाच्या उष्णतेइतकी असते. ऐकायला कमी वाटतं, पण ती नेमकी सुरुवातीला मिळते, बॅग गार असताना, आणि पाय एकदा गरम झाले की झोप लागते.

आणि हे मात्र ओरडून सांगतो, तंबूत शेगडी नको, कोळसे नको, गॅसचा स्टोव्ह नको. दर हिवाळ्यात बंद खोलीत शेगडी पेटवून झोपलेल्या माणसांच्या बातम्या येतात ना, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो, झोपलेला माणूस झोपेतच जातो. शेकोटी बाहेर, ती पण तंबूपासून लांब, कारण पॉलिएस्टरला एक ठिणगी पुरते, भोक पडतं नाहीतर पेटतं.

हिमालयात जाणार असाल तर

केदारकांठा 3800 मीटर. डिसेंबर-जानेवारीत कॅम्प बर्फावर असतो, रात्री पारा शून्याच्या बराच खाली. तिथे बहुतेक ट्रेकवाले बॅग देतात, ती सिंथेटिकच असते, आणि ते योग्यच आहे, कारण दर आठवड्याला नवीन माणूस, ओलावा, आपटाआपटी, डाऊन त्यात टिकली नसती. पण बुकिंग करताना विचारा की बॅगेचा कम्फर्ट किती, एक्स्ट्रीम नको सांगू, मॅट एक देणार का दोन. ते फक्त -10 म्हणाले तर परत विचारा -10 म्हणजे कुठलं. मिळाली की तिथेच उघडून बघा, फायबर हाताला लागतो का, कुठे गोळा झालाय का, चेन लागते का. बरोबर स्वतःचा लाइनर आणि थर्मल न्याच.

स्वतःची न्यायची असेल आणि पाठीवर वाहायची असेल तर मात्र हिशोब बदलतो. उणे पाच-दहा कम्फर्टची सिंथेटिक बॅग दोन किलोच्या पुढे जाते आणि सॅक अर्धी तिनेच भरते, तिथे कोरड्या थंडीत डाऊन जिंकते, पैसे पण तसेच लागतात. वर्षातून एकदा हिमालय आणि बाकी वेळ चोरल असं असेल तर सिंथेटिक स्वतःची ठेवा आणि हिमालयातली भाड्याने घ्या.

घरी आणल्यावर

सिंथेटिक बॅग वापराने जितकी जात नाही तितकी माळ्यावर पिशवीत दाबून ठेवल्याने जाते. फायबरच्या वळ्या दाबून दाबून मोडतात आणि मग परत फुगत नाहीत. घरी आल्यावर दिवसभर उलटी करून वाळवा, मग जुन्या चादरीच्या मोठ्या पिशवीत सैल भरा, नाहीतर पलंगाच्या बॉक्समध्ये पसरून ठेवा, वरून जड काही नको. छोट्या पिशवीत भरायची ती फक्त प्रवासापुरती, आणि दरवेळी तीच घडी घालून गुंडाळू नका, पायाकडून हाताने कोंबत जा, घडीच्या रेघेवर फायबर तुटतो.

धुणं वर्षातून एकदा भरपूर झालं. मोठ्या फ्रंट लोड मशीनमध्ये थंड पाण्यात, थोडा लिक्विड साबण, सॉफ्टनर नाही, ड्रायक्लीन नाही. ओली असताना एका टोकाला धरून उचलू नका, सगळं पाणी खाली येऊन शिवणी उसवतात, दोन्ही हातांवर घेऊन आडवी वाळत घाला. इस्त्री आणि कडक हीटर दोन्ही नको, पॉलिएस्टर वितळतं.

काही वर्षांनी बॅग उजेडासमोर धरली की ठिकठिकाणी नुसतं कापड दिसायला लागतं. तेव्हा तिच्या टॅगवरचा 5 हा 10 समजून वापरा, आणि त्याच्याही पुढे गेली की चेन उघडून, पसरून मॅटवर टाका, नवीन बॅगेच्या खाली.